भेंडी फक्त रविवारीच चिकट का व्हायची (आणि शेवटी काय सापडलं)

आमच्या घरी हा प्रॉब्लेम जवळजवळ दोन वर्षं चालला. बुधवारी डब्यासाठी केलेली भेंडी एकदम मोकळी, चकतीला चकती चिकटलेली नाही, आणि रविवारी ताई-भावजी पोरांना घेऊन जेवायला आले की तीच भाजी, तीच कढई, तोच हात, तरी ताटात लगदा. उलथनं उचललं की खाली लांब तार लोंबतेय. भाच्याने तर एकदा सगळ्यांसमोर "मामाची शेंबडी भेंडी" असं नावच ठेवलं आणि ते नाव पुढे फॅमिली ग्रुपवर चिकटलं, भाजीपेक्षा जास्त.

आधी सांगतो, आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक मी करतो कारण बायकोची बँक लवकर असते आणि आईचे गुडघे उभं राहू देत नाहीत. म्हणजे मी काही शेफबिफ नाही, बडोद्यातला साधा नोकरीवाला माणूस, पण भेंडीवर एवढा वेळ घालवलाय की आता ऑफिसात लोक डबा उघडून विचारतात "अरे, एवढी मोकळी कशी?" म्हणून हे एकदाच नीट लिहून टाकतो. ज्यांची भेंडी कधी चांगली होते, कधी चिकट आणि कारण कळत नाही, त्यांच्यासाठी. ज्यांची कायमच चिकट होते त्यांनीही वाचा, तुमचं तर बहुतेक पहिल्या दोन पॅरातच सापडेल.

चिकटा नक्की असतो काय ते आधी, कारण ते कळल्याशिवाय नुसत्या टिपांचा काही उपयोग नाही. भेंडी ही कापूस, जास्वंद, अंबाडी यांच्या कुळातली. लहानपणी आजी जास्वंदीची पानं पाण्यात चुरून केसांना लावायची, तो बुळबुळीत रस आठवतोय? भेंडीतही तसलाच प्रकार. तो साखरेच्याच लांब लांब साखळ्यांचा बनलेला असतो आणि पाणी मिळालं की फुगतो, पसरतो, तार धरतो. पाणी नसेल तर जागच्या जागी गप्प बसतो. बस, सगळी गोष्ट इथेच आहे. कोल्हापूरकडे गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना रानभेंडीच्या झाडाचा हाच चिकट रस घालतात, तो रसातली मळी धरून वर आणतो आणि मग ती झाऱ्याने काढून टाकतात. म्हणजे गुळाला जे पाहिजे तेच आपल्या कढईत नको असतं.

तर मग पाणी येतं कुठून? मला वाटायचं फक्त धुण्यातून. म्हणून मी रविवारी भेंडी अजून अजून पुसायचो, एकदा तर टॉवेलने एकेक शेंग घासून पुसली, आई बघत होती आणि म्हणाली "बाळाला पावडर लावतोस का?" आणि तरी लगदा. तेव्हा लक्षात आलं की पाणी तीन-चार दरवाजांनी येतंय आणि मी एकच दरवाजा बंद करून बसलोय.

पहिला दरवाजा धुणं, हे सगळ्यांना माहीत असतं तरी चूक इथेच सगळ्यात जास्त होते. भेंडी अख्खी धुवायची, चिरल्यावर कधीच नाही. चिरून मग चाळणीत धरून नळाखाली धुणारे लोक मी स्वतः पाहिलेत, नातेवाइकांत आहेत, नाव घेत नाही. धुतल्यावर सुती कापडावर पसरून पंख्याखाली अर्धा तास तरी. बडोद्यात मे महिन्यात दहा मिनिटांत कोरडी होते, पंखासुद्धा नको, पण जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी ओली असते की तासाभरानेही देठापाशी ओलावा राहतो, त्या खोबणीत, तिथे बोट लावून बघा. पावसाळ्यात मी आदल्या रात्रीच धुऊन पसरून ठेवतो. अगदीच वेळ नसेल तर समोरच्या बेन करतात ते करा, त्या ओल्या फडक्याने एकेक शेंग पुसतात आणि लगेच कोरड्या फडक्याने परत, नळाखाली धरतच नाहीत. शेतात फवारणी होते म्हणून मला ते तितकंसं पटत नाही, मी धुतोच.

सुरी आणि पाट पण कोरडा पाहिजे. ही बारीक गोष्ट वाटते पण कांदा चिरलेल्या ओल्या पाटावर भेंडी चिरली की पहिल्या चार चकत्यांतच सुरी चिकटायला लागते, आणि मग माणूस काय करतो, सुरी नळाखाली धरतो, आणि तशीच ओली परत. मी शेजारी पेपरचा तुकडा ठेवतो, सात-आठ शेंगा झाल्या की सुरी त्याला पुसायची. आणि देठ कापताना टोपीपुरतंच कापा, आतल्या पोकळीपर्यंत जाऊ नका, निदान भरल्या किंवा अख्ख्या भेंडीला तरी. जितके काप जास्त तितक्या पेशी उघड्या आणि तितका चिकटा बाहेर, म्हणून एकदम पातळ चकत्यांपेक्षा बोटाच्या पेराएवढे तुकडे किंवा उभ्या फोडी जास्त मोकळ्या होतात. गुजराती घरांत उभी चिरतात ते उगाच नाही.

दुसरा दरवाजा मीठ. हा मला सगळ्यात उशिरा कळला आणि कळला तोही त्या समोरच्या बेनकडून. त्या दारात उभ्या राहून माझी भेंडी बघत होत्या, मी फोडणीत भेंडी टाकली आणि सवयीने लगेच मीठ टाकलं, आणि त्या एकदम ओरडल्या, "अरे, मीठुं छेल्ले नाखवानुं!" मीठ शेवटी. मीठ पडलं की भेंडी स्वतःच्या पोटातलं पाणी बाहेर सोडते, काकडीला मीठ लावल्यावर सुटतं तसंच, आणि ते पाणी चिकट्याला भेटलं की संपलं. आता मी गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी मीठ घालतो. काही लोक म्हणतात मग मीठ आत मुरत नाही, वर वरच राहतं. थोडं खरं आहे, पण मोकळ्या भाजीत ते खटकत नाही.

तिसरा झाकण. आई झाकणवाली. तिचं म्हणणं झाकल्याशिवाय भेंडी शिजत नाही आणि गॅस फुकट जातो. झाकण ठेवलं की वाफ वर लागून थेंब होतात, ते थेंब परत भाजीत, मग झाकण काढल्यावर तिथे एक छोटं तळंच झालेलं असतं. कोवळी भेंडी उघड्यावर दहा-बारा मिनिटांत शिजते, झाकणाची गरजच नसते.

आता रविवारचं रहस्य, ज्यासाठी एवढं लिहितोय.

हे तीनही दरवाजे बंद केले तरी रविवारी चिकट. मग मी चक्क वहीत लिहायला सुरुवात केली, कधी आणली, किती, कोणत्या कढईत, हसू नका. तीन आठवड्यांत उत्तर समोर होतं आणि इतकं साधं की स्वतःच्याच डोक्यात मारावंसं वाटलं. बुधवारी मी पाव किलो करायचो. रविवारी पाऊण किलो. कढई तीच.

भेंडीत साधारण ९० टक्के पाणी असतं. म्हणजे पाऊण किलो भेंडीत जेमतेम ७५ ग्रॅम खरा माल आणि बाकी अर्ध्या लिटरच्या वर पाणी. ते सगळं उडवायला पाहिजे असं नाही, पण जे बाहेर येतं ते तरी लगेच उडायला पाहिजे, आणि कढईत चार बोटं थर असला की खालची भेंडी परततच नाही, ती वरच्या थराच्या ओझ्याखाली वाफेत शिजते. झाकण नाही असं आपल्याला वाटतं, पण वरची भेंडीच खालच्या भेंडीचं झाकण झालेली असते. त्यात माणसं बाहेर जेवायला बसलेली, घाई, म्हणून मी सारखं सारखं हलवायचो, तुकडे मोडायचे, बिया बाहेर, चिकटा बाहेर. पाव किलोला हे काहीच होत नाही कारण प्रत्येक तुकड्याला कढईचा तळ मिळतो.

मग उपाय काय, एक तर रुंद कढई किंवा सरळ दोन कढया किंवा दोन-तीन घाण्यांत परतायची. मी आता घाणेच करतो: पाऊण किलोचे तीन भाग, प्रत्येकाला दीड-दोन चमचे शेंगदाणा तेल, गॅस मोठा, टाकल्यावर पहिली दोन मिनिटं हातच लावायचा नाही, मग हलक्या हाताने तळातून उलटायची. मधेच एक वेळ अशी येते की तारा सुटायला लागतात, जाळीसारख्या, पांढरट. तिथे घाबरू नका. नव्या माणसाला इथेच वाटतं बिघडली आणि तो काहीतरी करतो, झाकण तरी ठेवतो नाहीतर पाण्याचा हबका तरी मारतो. काही करू नका. अजून तीन-चार मिनिटं मोठ्या गॅसवर तशीच राहू द्या, तारा आपोआप सुकून गायब होतात आणि कडा तपकिरी व्हायला लागतात, आवाजपण बदलतो, आधीचा ओला चुरचुर असतो तो कोरडा होतो. तो आवाज एकदा कानात बसला की घड्याळ लागत नाही. तिन्ही घाणे झाले की मग एकत्र फोडणीत टाका, मीठ, संपलं.

कांदा घालणाऱ्यांनी कांदा वेगळा परतून घ्या, तोही पाणी सोडतो. टोमॅटो तर सगळ्यात शेवटी, तारा गेल्यावरच.

आंबटाचं पण सांगतो, कारण आमसूल, चिंच, लिंबू, आमचूर, ताक हे जे आपल्याकडे भेंडीत पूर्वापार घालतात त्यात तथ्य आहे, आंबटाने चिकट्याची तार तुटते, तो पातळ पडतो. फक्त वेळ सांभाळा. आंबट लवकर घातलं तर भेंडीचा हिरवा रंग मरतो आणि ती मेंदीसारखी दिसते, म्हणून परतून झाल्यावर घाला. लिंबू तर गॅस बंद केल्यावर.

आणि ज्यांची आत्ता, या क्षणी, कढईत चिकट होऊन बसलीये आणि पाहुणे बाहेर आहेत त्यांनी काय करायचं? झाकण काढा, गॅस मोठा करा, भाजी कडेपर्यंत पसरा, दोन चमचे भाजलेलं बेसन किंवा दाण्याचं कूट वरून भुरभुरवा, आमचूर टाका, पाच मिनिटं जास्त हलवू नका. अर्धी वाचते. त्याच्या पलीकडे गेली असेल तर मोकळ्या भाजीचा हट्ट सोडा आणि ताकातली भेंडी करा. आंबट ताकाला बेसन लावून त्यात सोडा, वरून मेथीदाणा-लाल मिरचीची फोडणी, तिथे चिकट्याने उलट दाटपणाच येतो आणि कुणाला कळतही नाही. भावजींनी एकदा दोन वाट्या घेतल्या आणि रेसिपी विचारली, मी सांगितलं मुद्दाम केली होती.

एक वेगळीच तक्रार डबा नेणाऱ्यांची: घरी मोकळी असते, ऑफिसात एक वाजता उघडली की चिकट. याला भाजीचा दोष नाही. गरम भाजी स्टीलच्या डब्यात दाबून भरली आणि झाकण लावलं की आत वाफेचं पाणी होतं, झाकणाच्या आतून थेंब टिपकतात. भाजी ताटलीत पसरून पंधरा मिनिटं गार करा, मग भरा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करताना पण झाकण सैल ठेवा.

आता खरेदी, कारण निबर भेंडीवर कोणतीच युक्ती चालत नाही, ती शिजायला वेळ घेते, मग आपण झाकण ठेवतो आणि परत तेच चक्र. फूल आल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग कोवळी तोडली तर ठीक, पुढे तिच्यात धागे होतात. बोटाएवढी, लवदार, टोक कट्कन मोडणारी घ्या. मी खंडेराव मार्केटला जातो, सयाजीरावांच्या काळातली ती राजवाड्यासारखी इमारत, आणि तिथे टोक मोडून बघायला हात पुढे केला की मावशी सुरू, "तोडशो नहीं भाई, बधा कूणा ज छे!" कूणा म्हणजे कोवळा, पण सगळ्याच कधी नसतात. आता मी मोडत नाही, टोक नुसतं वाकवून बघतो, कोवळी असली तर वाकवतानाच कळतं. पुण्याच्या मावशीकडे परभणी क्रांती म्हणून जात मिळते, परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली, पानं पिवळी पडायच्या केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून शेतकऱ्यांत गाजली. आपल्याकडे टोपलीत कोणती जात आहे ते विक्रेत्यालाच माहीत नसतं, त्यामुळे हात आणि डोळा. फ्रिजमध्ये ओली ठेवू नका, पेपरमध्ये गुंडाळून भाजीच्या कप्प्यात, दोन-तीन दिवसांत संपवा. फार गार जागी ठेवली की तिच्यावर डाग पडतात आणि ती लवकर नासते.

तब्येतीचं आता. आईला शुगर आहे म्हणून हे वाचायला लागलो होतो. १०० ग्रॅम कच्च्या भेंडीत साधारण ३३ कॅलरी, तीनेक ग्रॅम फायबर, २३ मिलीग्रॅम सी व्हिटॅमिन, ६० मायक्रोग्रॅम फोलेट, ५७ मिलीग्रॅम मॅग्नेशियम. गंमत ही की ज्या चिकट्याला आपण शिव्या घालतो तोच विरघळणारा फायबर. तो आतड्यात जेलीसारखा होतो, त्याने साखर रक्तात जरा हळू जाते, पोट साफ राहायला मदत होते, आणि पित्तातली आम्लं धरून बाहेर नेत असल्यामुळे कोलेस्टेरॉललाही थोडा हातभार लागतो. परतल्याने तो नष्ट होत नाही, नुसता पाण्याविना गप्प बसतो, त्यामुळे मोकळी भेंडी खाल्ली म्हणजे फायदा गेला असं काही नाही. सी व्हिटॅमिन मात्र आचेवर कमी होतं. आणि मी वर दीड-दोन चमचे तेल म्हटलंय ते पाव किलोला, अर्धी वाटी नव्हे. कुरकुरीत तळलेली भेंडी मलाही आवडते पण तिला तब्येतीच्या नावावर खपवू नका.

व्हॉट्सअॅपवर एक फॉरवर्ड फिरतो, भेंडीचा चिकटा गुडघ्यात जाऊन वंगणाचं काम करतो म्हणून. आईने तो मला चार वेळा पाठवला. अहो, तो पोटातच राहतो, गुडघ्यापर्यंत जायला रस्ताच नाही. दुसरा फॉरवर्ड रात्रभर भिजवलेल्या भेंडीच्या पाण्याचा, ते पिऊन शुगरच्या गोळ्या बंद करा म्हणे. ते अजिबात करू नका. २०११ मध्ये उंदरांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात भेंडीच्या अशाच पाण्याच्या अर्काने मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरचं नेहमीचं औषध, अंगात शोषलं जाणं कमी झालं होतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि भाजीची एक वाटी म्हणजे ग्लासभर अर्क नव्हे, पण गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हे प्रयोग कशाला करायचे? आमच्याकडे आईची भाजी चालू, पाणी बंद, गोळी वेळेवर. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनीही प्रमाणात, भेंडीत ऑक्झलेट असतं. रक्त पातळ करायची वॉरफेरिन गोळी घेणाऱ्यांनी एकदम जास्त खाऊ नका आणि एकदम सोडूही नका, कारण तिच्यात के व्हिटॅमिन आहे.

एक प्रॉब्लेम मात्र अजून सुटलेला नाही. रविवारी दुसरी कढई म्हणून आई तिची लोखंडी काढते, तिच्या सासूबाईंची, दांडियाबाजारच्या जुन्या घरातली, आणि त्या कढईत भेंडी मोकळी तर मस्त होते पण काळी पडते, लोखंडामुळे. चव जरासुद्धा बिघडत नाही. आईचं म्हणणं लोह मिळतं, काळी तर काळी. पोरं काळी भेंडी बाजूला सारतात. मी मागच्या रविवारी दोन्ही कढयांतली भेंडी वेगवेगळ्या वाडग्यांत वाढली, आणि मोठ्यांनी हिरवी संपवली, काळी आईनेच खाल्ली आणि उरलेली ताईच्या डब्यात भरून दिली.